हजर

शाळासोबत्यांना पन्नास वर्षांनी पुन्हा भेटावे की भेटू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे अशी पूर्वी सोय होती. आता ती राहिलेली नाही. गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस असताना माझ्या मोबाइलवर निरोप आला, की आमच्या १९७३ च्या अकरावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट निघाला आहे आणि मी त्यात आहे. मला कुणी विचारले नव्हते. पण खोटे कशाला बोला, मला बरेच वाटले.

पहिले दोन दिवस मोठ्या आनंदात गेले. कोण कुठे असतो, कुणाला किती नातवंडे, कुणाच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, सगळे समजले. गेलेल्यांची यादीही झाली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आणखी एकाला शोधून काढून गटात आणले. तो आमच्याबरोबर आठवी-नववी अशी दोनच वर्षे होता. त्याने जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. लगेच त्याखाली ओळ उमटली, ‘हँडल मारा रे, गाडी आली!’ आणि तिच्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले सात-आठ पिवळे चेहरे. सत्तरीला टेकलेली माणसे एका क्षणात तेरा वर्षांची झाली.

तासाभराने पाहिले, तर तो गट सोडून गेला होता.  ते कुणाच्या लक्षात आले नसावे, कारण तोवर फराळाच्या ताटांची छायाचित्रे सुरू झाली होती. माझ्या लक्षात आले. ‘हँडल’ हे नाव त्याला मी ठेवले होते. त्याचे खरे नाव मी येथे लिहीत नाही. मी दिलेले एक नाव त्याला आयुष्यभर पुरले आहे.

१९६९ च्या जूनमध्ये तो आमच्या तालुक्याच्या गावच्या शाळेत आला. दूरच्या खेड्यातला मुलगा; शिक्षणासाठी आत्याकडे राहायला आला होता. वर्गातल्या जोड्या पाचवीपासून ठरलेल्या. जागा फक्त माझ्या बाकावर रिकामी होती, आणि ती रिकामी असायलाही कारण होते. मी वर्गातला ‘ढापण्या’ होतो. तसे चष्मा लावणारे वर्गात आम्ही दोघे. पण दुसऱ्याला कुणी ढापण्या म्हणत नसे, कारण त्याचा थोरला भाऊ शाळेच्या कबड्डी संघाचा कप्तान होता. माझा चष्मा मात्र मधल्या सुट्टीत नाकावरून निघे, हातोहात वर्गभर फिरे आणि कधी खिडकीच्या झडपेवर, कधी पाण्याच्या टाकीवर जाऊन बसे. चष्म्यावाचून मला चष्मा दिसत नसे, हीच त्यातली गंमत. घरी सांगितले, तर वडील वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणत, “तू काहीतरी केलं असशील.” मी काही केलेले नसे, त्यामुळे पुढे काय सांगावे ते मला कळत नसे.

हा नवा मुलगा माझ्या शेजारी बसू लागला. त्याला या सगळ्याची कल्पना नव्हती. पहिल्याच आठवड्यात तो टाकीवर चढला आणि माझा चष्मा घेऊन खाली आला. आम्ही डबे एकत्र खाऊ लागलो. त्याच्या डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी असे, माझ्या डब्यात पोळीभाजी. आम्ही अदलाबदल करीत असू. भूमितीच्या आकृत्या तो अशा काढी, की कंपासपेटीतल्या साधनांनी आपण होऊन काम केल्यासारखे वाटावे. बोलताना तो अडखळे, पण माझ्याशी बोलताना फारसा नाही. डबा खाताना तर मुळीच नाही.

हजेरीच्या वेळी मात्र त्याचे हाल होत. आमच्याकडे ‘हजर’ म्हणण्याची रीत होती, आणि त्याचे सारे वैर ‘ह’शी होते. नाव पुकारले, की तो उभा राही. मान एका बाजूला ओढली जाई, ओठ उघडे राहत, आणि ‘ह… ह… ह…’ करता करता आठ-दहा सेकंदांनी तो शब्द एकदाचा बाहेर पडे. मग तो घाम पुसून खाली बसे. वर्गात खसखस पिके, पण तिला अजून नाव नव्हते.

आमची शाळा सकाळची. फाटकासमोर एका तेलाच्या व्यापाऱ्याची जुनी मालमोटार उभी असे. थंडीच्या दिवसांत ती सुरू होत नसे. तिचा क्लीनर पुढच्या बाजूने हँडल घालून अंगाला झोके देत ते फिरवी. गाडी ‘हर्र… हर्र…’ करी आणि पुन्हा गप्प बसे. त्या डिसेंबरातली एक सकाळ मला लख्ख आठवते. माझा चष्मा प्रार्थनेपूर्वीच गेला होता. तो वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाच्या खिशात होता, हेही मला ठाऊक होते. हजेरी सुरू झाली. माझ्या शेजारी तो उभा राहिला, ‘ह… ह…’ सुरू झाले, आणि नेमकी त्याच वेळी बाहेर ती मोटार कुरकुरू लागली. माझ्या तोंडून निघून गेले, “सर, याला हँडल मारायला हवं!”

वर्ग फुटला. मुले बाक बडवू लागली. सरांनी हजेरीपट खाली केला, खिडकीबाहेर पाहिले, आणि त्यांनाही हसू आले. सर वाईट नव्हते; मला आजही जे थोडे व्याकरण येते ते त्यांचेच. दोन गोष्टी एकदम जुळून आल्या म्हणजे कुणालाही येते तसे ते हसू होते. पण आमच्या दृष्टीने तो परवाना होता. सर हसले, म्हणजे हे चालते.

तास संपल्यावर त्या दांडग्या मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली, ‘बेस्ट रे!’ म्हणाला आणि खिशातून चष्मा काढून माझ्या हातात ठेवला. शाळेतल्या दिवसांत त्याच्याइतका आनंदाचा क्षण मला दुसरा आठवत नाही. हे लिहिताना शरम वाटते. पण ते लिहिले नाही, तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून माझा चष्मा माझ्या नाकावर राहिला.

तो कुणाच्या जिवावर राहिला, हे दिसायला फार दिवस लागले नाहीत. तो उभा राहिला, की बाकांखाली चाळीस हात गोल फिरू लागत. फळ्याकडे जाताना, डबा उघडताना, पाणी पिताना, कुठेही. मराठीच्या तासाला धडा वाचायची पाळी त्याच्यावर आली, की पुढची मुले मागे वळून बसत. मग तो उशिरा येऊ लागला. उशिरा येणाऱ्याला हजेरी संपेपर्यंत दाराबाहेर उभे राहावे लागे, आणि आत येताना हातावर दोन छड्या खाव्या लागत. नाव पुकारले जात नसे. सर मुकाट्याने खूण करीत. आम्ही त्याला आळशी ठरवले. आत्याचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते, हे आम्हांला ठाऊक असूनही. रोज सकाळी दोन छड्या मोजून तो एका शब्दापासून सुटका विकत घेत होता, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

आणखी एक गोष्ट झाली. जानेवारीत मी सरांना सांगितले, “फळा नीट दिसत नाही,” आणि पुढच्या बाकावर जागा मागून घेतली. नववीची परीक्षा झाल्यावर तो मामाच्या गावी गेला असे समजले. का गेला, हे कुणी विचारले नाही.

या प्रकाराला मराठीत नेमके काय म्हणावे, याचा मी पुष्कळ दिवस विचार करतो आहे. शब्द काही थोडेथोडके नाहीत. चेष्टा, थट्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, खोडी. टर उडवणे, रेवडी उडवणे, फिरकी घेणे. पण हे सगळे शब्द हसणाऱ्याच्या बाजूला उभे राहून घडवलेले आहेत. ज्याला हसायचे, त्याच्यासाठी आपल्याकडे चिडका आहे, रडका आहे, आणि तो सरांकडे गेलाच तर चहाडखोर आहे. म्हणजे चिडणे, रडणे आणि सांगणे हे तीनही त्याचेच दोष. ‘छळ’ हा शब्द आहे. पण तो आपण सासुरवासासाठी आणि तुरुंगांसाठी राखून ठेवला आहे. तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो वापरला, तर ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते.

इतर देशांतही हा शब्द सहजासहजी सापडला नाही. ज्या वर्षी मी ते नाव ठेवले, त्याच १९६९ साली स्वीडनमध्ये पेटर-पाउल हाइनेमान नावाच्या डॉक्टराने शाळकरी मुलांच्या अशा वागण्यावर लेख लिहिला, आणि तिथे या विषयाची चर्चा सुरू झाली. त्याने घेतलेला शब्द पक्ष्यांच्या अभ्यासातला होता. दिवसा घुबड दिसले, की कावळे जमतात, कोकलतात, त्याच्या मागे लागतात. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पक्षी सगळे मिळून एकावर असे तुटून पडतात, त्याला प्राणिशास्त्रात ‘मॉबिंग’ म्हणतात. तोच शब्द त्याने वर्गातल्या मुलांना लावला.

पुढे डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने हा विषय शास्त्राच्या शिस्तीत आणला. जन्माने स्वीडिश, पण आयुष्याचा मोठा भाग नॉर्वेतल्या बर्गेन शहरी गेलेला. त्याचे या विषयावरचे पहिले पुस्तक १९७३ चे, म्हणजे आमच्या अकरावीच्या वर्षाचे. कावळ्यांचा दाखला त्याला पुरेसा वाटला नाही. सारा वर्गच दोषी म्हटले, की मूळ छळणारे दोघे-तिघे त्या गर्दीत लपून जातात, असे त्याचे म्हणणे. त्याने व्याख्या केली ती साधी आहे. दुखावण्याच्या हेतूने केलेले, पुनःपुन्हा केलेले, आणि ज्याला आपला बचाव सहज करता येत नाही अशावर केलेले. एकदा भांडण झाले, दोन तुल्यबळ मुले मातीत लोळली, तर तो छळ नव्हे. रोज सकाळी ‘हजर’च्या वेळी फिरणारे चाळीस हात, हा छळ.

पण त्याच्या अभ्यासातला एक निष्कर्ष वाचला, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आपल्याला वाटते, की मुलाच्या अंगी काही वेगळे असते म्हणून त्याला छळतात. चष्मा असतो, केस लाल असतात, अंग लठ्ठ असते, बोलण्याची ढब निराळी असते. ओल्वेउसला तसे आढळले नाही. असले वेगळेपण पुष्कळांच्या अंगी असते आणि त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. ज्यांना छळले जाते ती मुले अंगाने दुबळी, स्वभावाने भिडस्त, भित्री असतात. आणि बहुधा वर्गात त्यांना एकही चांगला मित्र नसतो. वेगळेपण हे निमित्त. एकटेपण हे कारण. मला कप्तानाच्या भावाचा चष्मा आठवला. माझ्यासारखाच तर होता, तसाच जाड काचांचा.

या सगळ्याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, ते नॉर्वेने १९८२ च्या अखेरीस पाहिले. देशाच्या उत्तर भागातल्या तीन शाळकरी मुलांनी सोबत्यांच्या छळापायी जीव दिल्याचे वृत्त आले, आणि दुसऱ्याच वर्षी सरकारने देशभर मोहीम उघडली. बर्गेनमधल्या सुमारे अडीच हजार मुलांवर ओल्वेउसने दोन वर्षे काम केले आणि तिथे हे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आले असे नोंदवले. त्याने काही जादू केली नव्हती. मधल्या सुट्टीत मोठी माणसे पटांगणावर असत, पालकांशी बोलणे होई, आणि वर्गात तीन नियम असत. आम्ही कुणाला छळणार नाही. छळ होत असेल त्याला मदत करू. आणि जो एकटा पडतो त्याला आपल्यात घेऊ. तिसरा नियम मी पुष्कळ वेळा वाचला. त्यात एका बाकाची जागा मला दिसत होती.

आम्हांला निदान एक सवलत होती. बारा वाजता शाळा सुटली, की चेष्टाही सुटे. आत्याच्या गल्लीत त्याला कुणी हँडल म्हणत नव्हते. आजच्या मुलाला ती गल्ली उरलेली नाही. वर्गच खिशात बसून घरी येतो आणि रात्री उशाशी झोपतो. आणि पन्नास वर्षांनी आपले काय होते, ते गेल्या दिवाळीत मी पाहिलेच.

भाऊबीज झाल्यावर मी त्याला फोन केला. क्रमांक गटात मिळाला होता. दोनदा लावून दोनदा बंद केला; तिसऱ्यांदा तिकडून आवाज आला, “बोला.” मी नाव सांगितले. बराच वेळ काही नाही. मग, “हां. कसे आहात तुम्ही?” मी ‘अरे’ म्हणत होतो, ‘तू’ म्हणत होतो. तो शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणाला.

तो सरकारी नोकरीत होता, जमिनीचे नकाशे काढण्याच्या कामावर. ते काम त्याला आवडले, कारण रेषेला बोलावे लागत नाही. दोनदा बढती आली. पण वरच्या जागेवर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यावी लागत, चार माणसांसमोर निकाल वाचावा लागे, म्हणून दोन्ही वेळा त्याने ती नाकारली. हे सारे तो सावकाश, शब्दांच्या मध्ये थांबत सांगत होता. ‘हॅलो’ त्याला आजही म्हणता येत नाही, म्हणून ‘बोला’. मुलगी झाली तेव्हा नक्षत्र पुष्य निघाले आणि गुरुजींनी नावासाठी ‘हे’ अक्षर काढले. घरच्यांनी हेमा सुचवले, हेमलता सुचवले. “मी म्हटलं, दुसरं ठेवा. दिवसातून दहा वेळा हाक मारायची असते हो.”

मी वाचले होते, की अडखळणे हे चिडवण्याने येत नाही. ते बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते, पुष्कळदा घराण्यात असते, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. म्हणजे त्याचा ‘ह’ काही मी अडवलेला नव्हता. पण त्या ‘ह’ला भिऊन एका माणसाने बढती सोडली, फोन टाळले, मुलीचे नाव बदलले. ती भीती जन्माने आलेली नव्हती. ती आम्ही रोज सकाळी हजेरीच्या वेळी त्याला शिकवली होती.

शेवटी मी म्हणालो, “ते नाव मी ठेवलं होतं.”

तिकडे शांतता. माझ्या तोंडावर पुढचे शब्द आले होते, लहान होतो, कळत नव्हतं वगैरे. पण या माणसाचे वाक्य पुरे व्हायच्या आत आपण बोलायचे नाही, एवढे तरी आता मला कळले होते. मी थांबलो.

“मा… माहीत आहे,” तो म्हणाला. “मी तुमच्याच बाकावर होतो ना. नावाचं काही नाही हो. नाव कुणीतरी ठेवलंच असतं.” पुन्हा थांबला. “पण तुम्ही बाक बदललात. म्… मधल्या सुट्टीत मग डबा कुठं खायचा ते मला समजेना.”

मी क्षमा मागितली. “असू द्या,” तो म्हणाला. तेवढ्याने काही मिटले असे मला वाटत नाही, आणि त्यालाही वाटले नसावे. मग त्याने माझ्या डोळ्यांची चौकशी केली. मोतीबिंदू काढला का, विचारले.

त्या रात्री मी गटात दोन ओळी लिहिल्या. ते नाव मी ठेवले होते, वाईट ठेवले होते, आणि ते यापुढे कुणी वापरू नये. थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग एकाने लिहिले, ‘एवढं काय मनावर घेतोस? गंमत होती ती.’ दोघांनी हात जोडले. सकाळी नेहमीप्रमाणे गुलाबाचे फूल आणि सुप्रभात आले. तो परत आला नाही, आणि त्याने यावे असे मीही त्याला म्हणालो नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. तो ‘बोला’ म्हणतो. आम्ही फार बोलत नाही.

कॅनडात टोरांटोच्या प्राथमिक शाळांत डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी सहकाऱ्यांबरोबर एक काम केले. ते २००१ साली प्रसिद्ध झाले. पटांगणावर कॅमेरे लावून, मुलांच्या अंगावर ध्वनिग्राहक देऊन त्यांनी हे प्रकार घडताना पाहिले. शंभरातल्या ८८ प्रसंगी भोवती दुसरी मुले होती. त्यांतले कुणी मध्ये पडल्याचे १९ प्रसंगीच दिसले. पण जिथे कुणी मध्ये पडले, तिथे निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद मी घड्याळात मोजून पाहिले. ‘हजर’ म्हणायला त्याला साधारण तेवढेच लागत. आणि ते दहा सेकंद वर्गात आम्ही बेचाळीस जण होतो. सरांच्या हजेरीपटात आम्हां सगळ्यांच्या नावापुढे हजर असेच लिहिलेले असणार.